मायला भुलीनंतर कावीळ झाली होती, आता परत ऑपरेशन

प्रश्न: २० वर्षांपूर्वी मायचे महिन्याभरात दोन ऑपरेशन झाले, दुसऱ्यानंतर आठवड्यात ताप आला अन् डोळे हळदीसारखे पिवळे. डॉक्टर म्हणले भुलीच्या औषधानं झालं. आता पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन आहे, लई भीती वाटतेय. – एक वाचक, परभणी

उत्तर: ताई, भीती बरोबर आहे पण वाट आहे. तेव्हा हॅलोथेन सर्रास वापरायचे, १९५६ पासूनचं भुलीचं औषध. त्याचा साधारण २० टक्के भाग लिव्हरमधी मोडतो अन् त्यातून निघालेला तुकडा लिव्हरच्याच प्रथिनांना चिकटतो, मग शरीराला आपल्याच पेशी परक्या वाटतात अन् त्या मारल्या जातात. दुसऱ्या वेळी जास्त होतं ते यामुळंच, शरीरानं ओळख ठेवलेली असते. असं हजारोंत एखाद्यालाच होतं, पण ज्याच्या घरी झालं त्याला आकडा काय कामाचा.

आयसोफ्लुरेन, डेसफ्लुरेन या भुलीच्या दुसऱ्या औषधांमधूनही तसाच तुकडा निघतो, पण फार कमी. सेव्होफ्लुरेनमधून निघत नाही, अन् शिरेतून प्रोपोफॉल देऊनही भूल देता येते. जुनं डिस्चार्ज कार्ड, फाटकं का असेना, शोधा अन् भूलतज्ज्ञांना स्वतः भेटून दाखवा, सर्जनला सांगितलं म्हणून थांबू नका. लिव्हरची रक्ततपासणी आधीच करून घ्या, खड्यानंही कावीळ होते.