कर्णावर शून्य आले, पुढे काय?

प्रश्न : कळमना बाजारातल्या तीन बिलांवरून संत्री (स), मोसंबी (म) आणि लिंबू (ल) यांचे किलोचे भाव काढायचे, असे उदाहरण आहे. समीकरणे अशी :
स + म + ल = १५०
२स + २म + ३ल = ३६०
स + ३म + २ल = ३१०
एकेक अज्ञात संख्या काढून टाकत सोडवताना दुसऱ्या ओळीतून पहिलीची दुप्पट वजा केली, तर ‘म’च्या जागीही, म्हणजे कर्णावर (डावीकडून वरून उजवीकडे खाली जाणाऱ्या तिरक्या रेघेवर) शून्य आले. आता त्याने भागणार कसे? (बारावीचा विद्यार्थी, धरमपेठ, नागपूर)

उत्तर : भागायचेच नाही, ओळींची जागा बदलायची. स, म, ल यांचे सहगुणक आणि उभ्या रेघेनंतर उजवी बाजू एवढेच लिहिले, तर तुमची दुसरी ओळ आता ० ० १ | ६० अशी आहे. तिसरीतून पहिली वजा केली की ० २ १ | १६० मिळते. या दोघींची अदलाबदल करा. समीकरणे कोणत्याही क्रमाने लिहिली तरी उत्तर तेच राहते. मग खालून वर या : ल = ६०, २म + ६० = १६० म्हणून म = ५०, आणि स = ४०. शून्याखालीही त्या स्तंभात सगळी शून्येच असती, तर मात्र एकच एक उत्तर निघाले नसते. शेवटी ० = ० आले तर उत्तरे अनंत. ० = १० असे काही आले तर उत्तरच नाही; बाजाराच्या भाषेत, एखादे बिल चुकले किंवा मधे भाव बदलला.

मुलांची खरी चूक वेगळ्याच ठिकाणी होते. ‘दुसरीतून पहिली’ आणि ‘पहिलीतून दुसरी’ या दोन्ही वजाबाक्या जुन्याच ओळी धरून एकदम केल्या, की दोन ओळींत चिन्हाखेरीज फरकच उरत नाही आणि एक समीकरण कायमचे हरवते. एक ओळ बदलली की पुढे तिचे नवे रूपच वापरा. निश्चयक (डिटर्मिनंट) काढताना स्तंभांवरही क्रिया चालतात; त्या सवयीने इथे त्या करू नका, त्याने चलेच (अज्ञात संख्याच) बदलतात.

पडताळ्यासाठी प्रत्येक ओळीच्या शेवटी तिची बेरीज लिहा : १५३, ३६७, ३१६. तीच क्रिया या बेरजांवरही करा. ३६७ – ३०६ = ६१, आणि नव्या ओळीची बेरीज ० + ० + १ + ६० = ६१. जुळले नाही, तर चूक त्याच पायरीत आहे, मागे शोधत बसायला नको.

प्रश्न : कर्णावर शून्य नसेल, तरीही ओळींची अदलाबदल करावी का? (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, नागपूर)

उत्तर : अपूर्णांकांत नेमके गणित करत असाल तर गरज नाही. दशांशात मात्र जरूर बदला. ०.०००१क + ख = १ आणि क + ख = २ घ्या. तीनच सार्थ अंक (सुरुवातीची शून्ये सोडून पहिले तीन अंक) ठेवले, तर पहिलीची १०,००० पट वजा केल्यावर –९९९९ख = –९९९८ हे दोन्हीकडे १०,००० होऊन बसते. ख = १, क = ० मिळते; खरा क १.०००१ आहे! ओळी आधी बदलल्या की गुणक ०.०००१ इतका लहान होतो आणि क = १ येतो. म्हणून दर पायरीला त्या स्तंभातली, कर्णावरची व तिच्याखालची, चिन्ह सोडून सर्वांत मोठी संख्या वर आणा.