तयार एसएमपीएस घ्यावा की मुलाला बनवू द्यावा?

प्रश्न : मिरजेत माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. मुलगा इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट म्हणून १२ व्होल्ट ५ अँपिअरचा एसएमपीएस (मेन्सपासून डीसी देणारा स्विचिंग पॉवर सप्लाय) बनवायचा म्हणतो. गटातली मुलं म्हणतात, तीन-चारशेत तयार मिळतो, कशाला डोकं लावायचं? मला शॉकची भीती वाटते. नोकरीला याचा उपयोग होईल का? – एक पालक

उत्तर : पैशाचा हिशेब केला तर मित्रांचं बरोबर आहे. सुटे भाग आणि शिकताना उडणाऱ्या दोन-तीन आयसी धरल्या की घरचा सप्लाय महागच पडतो. प्रोजेक्ट दुसरा काही असेल, समजा द्राक्षबागेचा ड्रिप कंट्रोलर, तर सप्लाय विकतच घ्यावा. फक्त अगदी स्वस्त माल उघडून बघा. आत चोकच्या (मेन्सवर जाणारा गोंगाट अडवणाऱ्या कॉइलच्या) जागी वायरचा तुकडा आणि एक्स२ कपॅसिटरची (मेन्सच्या दोन तारांमध्ये बसणाऱ्या फिल्टर कपॅसिटरची) जागा रिकामी दिसली, तर तो परत करा.

पण मुलाला पॉवर इलेक्ट्रॉनिक्समध्येच जायचं असेल, तर बनवू द्या. मात्र ६० वॉटचा नको, १२ व्होल्ट १ अँपिअरचा. व्हायपर२२ए या आयसीत मॉसफेट (वेगाने चालू-बंद होणारा स्विच) आतच असतो, फ्रिक्वेन्सी ६० किलोहर्ट्झ ठरलेली. फीडबॅकला, म्हणजे आउटपुट १२ व्होल्टवर धरून ठेवायला, टीएल४३१ (संदर्भ व्होल्टेजची आयसी) आणि पीसी८१७ (प्रकाशातून सिग्नल पलीकडे नेणारा ऑप्टोकपलर). २३० व्होल्ट रेक्टिफाय झाले की सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतात, म्हणून इनपुटला २२ मायक्रोफॅरॅड, ४०० व्होल्टचा कपॅसिटर. मेन्स २६० पर्यंत चढत असेल तर ४५० चा. आउटपुटला १०० व्होल्टचा शॉटकी डायोड.

खरी कसोटी ट्रान्सफॉर्मरची, आणि इथे तुमचा हात कामाला येईल. ईई२५ फेराइट कोअर, प्रायमरी ११२ वेढे, सेकंडरी १४, ऑक्झिलरी (आयसीला वीज देणारी वाइंडिंग) १६. मधल्या पायात सुमारे ०.४ मिमी गॅप ठेवून प्रायमरीचं इंडक्टन्स २ मिलिहेन्रीच्या आसपास आणायचं. मोटारीत वेढे बसले की काम झालं. इथे क्रमही महत्त्वाचा. प्रायमरीचे ५६ वेढे, त्यावर सेकंडरी, मग उरलेले ५६, असं केलं की लिकेज (एका वाइंडिंगमधून दुसरीपर्यंत न पोहोचणारं चुंबकत्व) कमी होतं. प्रायमरी-सेकंडरीमध्ये टेपचे तीन थर आणि सेकंडरीला ट्रिपल इन्सुलेटेड वायर. साध्या इनॅमलवर विसंबू नका. बोर्डावरही दोन्ही बाजूंत ६.५ मिमी अंतर हवं.

बिघाड बहुधा इथेच होतात. गॅप विसरला की कोअर सॅच्युरेट होतो (आणखी चुंबकत्व घेईनासा होतो) आणि आयसी उडते. ऑक्झिलरीची सुरुवात-शेवट उलट जोडली, तर सप्लाय चालू-बंद होत राहतो. सेकंडरी उलटी झाली, तर डायोड आणि आयसी दोन्हींवर ताण येतो. वाय१ कपॅसिटरच्या (प्रायमरी-सेकंडरी जोडणाऱ्या सुरक्षा कपॅसिटरच्या) जागी साधा डिस्क कपॅसिटर तर अजिबात नको. तो शॉर्ट झाला की १२ व्होल्टच्या तारेवर मेन्स येतो.

तुमची भीती रास्त आहे. पहिल्यांदा चालू करताना ६० वॉटचा जुना पिवळा बल्ब सिरीजला लावा, एलईडी चालणार नाही. बल्ब क्षणभर उजळून विझला तर ठीक. पेटलेलाच राहिला तर शॉर्ट आहे. बल्ब आयसी वाचवतो, माणसाला नाही. मेन्स काढल्यावरही कपॅसिटर भरलेला राहतो. १० किलोओहम, ५ वॉटच्या रेझिस्टरने रिकामा करून मीटरने तपासायचा. ऑसिलोस्कोपची ग्राउंड क्लिप प्रायमरीला लावली की ती अर्थला जाते आणि ब्रिजचा (रेक्टिफायरच्या डायोडांचा) स्फोट होतो. कॉलेजात हा अपघात सहज होऊ शकतो.

नोकरीचं म्हणाल, तर ईव्ही चार्जर, सोलर इन्व्हर्टर, एलईडी ड्रायव्हर या कामांत ट्रान्सफॉर्मरचं गणित समजणारी मुलं कमी मिळतात. मुलाखतीत चकचकीत डब्याकडे कुणी फार बघत नाही. ‘गॅप का ठेवला, किती ठेवला’ हे विचारतात. म्हणून मोजलेलं इंडक्टन्स, ड्रेनचा (मॉसफेटच्या पायाचा) वेव्हफॉर्म आणि जळालेल्या आयसीचं कारण वहीत तारखेनिशी लिहायला सांगा. हाच छंद टिकला, तर डिप्लोमाच्या गुणांवर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, त्यासाठी सांगलीचं वालचंद आणि कराडचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज जवळच आहेत. बनवलेला सप्लाय मात्र शेजाऱ्यापाजाऱ्यांना विकू देऊ नका, अ‍ॅडॉप्टर विकायला बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) नोंदणी लागते.

आधी एवढं करा : लॅबमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आहे का ते विचारून घ्या. नसेल तर २३०:२३० चा, १०० व्हीएचा तुमच्या दुकानातच गुंडाळा, दोन्ही वाइंडिंग बॉबिनच्या वेगवेगळ्या कप्प्यांत. त्यावरही दोन्ही टोकांना एकदम हात लागला तर शॉक बसतोच, हे मुलाला बजावून सांगा. हा ट्रान्सफॉर्मर हाती येईपर्यंत सप्लाय मेन्सला लावू देऊ नका.