वाचकांचे प्रश्न : हप्ता माझा थकला, फोन व्याह्यांना का?

प्रश्न : मी यावल तालुक्यातील केळी उत्पादक आहे. मोटारसायकलसाठी एका फायनान्स कंपनीचे कर्ज घेतले. शोरूममधील मुलाने माझ्याच मोबाइलमध्ये अ‍ॅप टाकून सगळी प्रक्रिया उरकली. व्यापाऱ्याकडून पट्टी उशिरा मिळाल्याने दोन हप्ते थकले, तेव्हा वसुलीवाल्यांनी रात्री मला धमकावलेच, शिवाय माझ्या व्याह्यांना आणि गावातील खतविक्रेत्यालाही फोन करून थकबाकीचा आकडा सांगितला. दोघेही जामीनदार नाहीत आणि त्यांचे नंबर मी कधी दिले नव्हते. जळगावच्या शाखेत विचारले, तर ‘ते एजन्सीचे काम आहे, आमचे नाही’ असे उत्तर मिळाले. दाद कोठे मागावी?
— एक वाचक, यावल

उत्तर : शाखेचे उत्तर नियमाला धरून नाही. वसुली बाहेरच्या एजन्सीकडे सोपवली, तरी तिच्या वागणुकीची जबाबदारी कर्ज देणाऱ्या कंपनीवरच राहते. सकाळी आठच्या आधी व सायंकाळी सातनंतर कर्जदाराला वसुलीसाठी फोन करू नये, धमकावू नये आणि त्याच्या कुटुंबीयांच्या व मित्रांच्या खासगीपणावर अतिक्रमण करू नये, असे रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात बजावले आहे. थकबाकी खरी असली म्हणून ही बंधने सैल होत नाहीत. हप्ता थकलेला माणूस तक्रार करायला संकोचतो, हे मात्र वसुलीवाल्यांना पक्के ठाऊक असते.

नंबर बहुधा अ‍ॅपमधूनच गेले असावेत. कर्जाच्या अ‍ॅपने फोनमधील संपर्कयादी, कॉलच्या नोंदी, फोटो वा फाइली यांना हात लावू नये, हा नियम सप्टेंबर २०२२ पासून आहे. ओळख पडताळणीसाठी कॅमेरा, माइक किंवा ठिकाण यांची परवानगी घेता येते, पण तीही एकदाच आणि ग्राहकाच्या स्पष्ट संमतीने. (शोरूममध्ये फोन दुसऱ्याच्या हाती देऊन आपण गाडीचा रंग निवडत बसतो आणि तेवढ्यात ‘अलाऊ’ भराभर दाबले जाते.) फोनच्या सेटिंग्जमध्ये त्या अ‍ॅपच्या परवानग्या उघडून पाहाव्यात. संपर्कयादीची परवानगी चालू दिसल्यास आधी स्क्रीनशॉट घ्यावा आणि मगच ती बंद करावी. रागाच्या भरात अ‍ॅप काढून टाकल्यास हा पुरावा हातचा जातो.

तक्रार शाखेत तोंडी करून भागत नाही. शोरूम, अ‍ॅप आणि प्रत्यक्ष कर्ज देणारी कंपनी यांची नावे अनेकदा वेगवेगळी असतात, म्हणून मंजुरीपत्रावर कर्जदात्या म्हणून जिचे नाव आहे, त्याच कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेलने आणि रजिस्टर पोस्टाने लिहावे. कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या नंबरवरून, कोणाला फोन आला आणि काय बोलणे झाले, ते क्रमाने द्यावे. व्याह्यांच्या फोनमधील कॉलनोंदीचा स्क्रीनशॉट जोडावा. नंबर कोठून मिळाले, ते आणखी कोणाला दिले आणि ते पुसून टाकल्याचे लेखी केव्हा कळवणार, हे तीन प्रश्न स्पष्ट विचारावेत. पोच जपून ठेवावी.

तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस पोर्टलवरून (बँकेच्या ऑनलाइन तक्रार-संकेतस्थळावरून) तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. यास शुल्क नाही आणि वकिलामार्फत केलेली तक्रार स्वीकारली जात नाही, त्यामुळे तो खर्च करू नये. याच विषयावर न्यायालयात किंवा ग्राहक आयोगात आधीच दावा लावला असेल, तर लोकपाल तक्रार घेत नाहीत.

माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील २०११ च्या नियमांत बँक खाते, कार्ड, पासवर्ड, आरोग्य, बोटांचे ठसे यांना संवेदनशील माहिती म्हटले आहे. नातेवाइकांचे फोन नंबर त्या यादीत नाहीत. त्यामुळे आपण मुख्य भर रिझर्व्ह बँकेच्या नियमांवरच ठेवावा. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असले, तरी कंपन्यांवरील मुख्य बंधनांसाठी त्यांत दीड वर्षाची मुदत दिलेली आहे.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या कर्मचाऱ्याने थकबाकीदारांची यादी आधार क्रमांकांसह गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. लोकपालाकडे जावे का?
— एक सभासद, शिरपूर

उत्तर : नाही. पतसंस्था ही बँक नव्हे. तिची नोंदणी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली असल्याने ती रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाच्या कक्षेत येत नाही. संचालक मंडळाला लेखी अर्ज देऊन त्याची प्रत तालुक्याच्या सहायक निबंधकांना आणि धुळ्याच्या जिल्हा उपनिबंधकांना द्यावी. कोणाचाही आधार क्रमांक जाहीररीत्या प्रसिद्ध करण्यास आधार कायद्याच्या कलम २९ नुसार मनाई आहे, याचा अर्जात आवर्जून उल्लेख करावा. संदेश टाकणाऱ्याने तो पुसण्यापूर्वी पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढून ठेवावा. मात्र तक्रारीच्या निमित्ताने ती यादी पुढे कोणालाही पाठवू नये.