माळ्यावरचा फेअरचाइल्ड

प्रश्न: काकांनी अमेरिकेहून आणलेला फेअरचाइल्ड चॅनल एफ (टीव्हीला जोडून खेळायचा जुना व्हिडिओ गेम) माळ्यावर सापडला, लहानपणी दिवाळीत त्यावर हॉकी खेळायचो आम्ही. डायरेक्ट प्लगला लावू का? की जुन्या बाजारात देऊन टाकू?
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर: थांबा हो, प्लगला अजिबात लावू नका! तो अमेरिकेतला म्हणजे ११० व्होल्टवाला, आपल्या २३० वर डायरेक्ट लावलात तर जळेल, आधी व्होल्टेज कमी करणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर आणा, पासोड्या विठोबाजवळ विचारा. टीव्हीपण एनटीएससी, म्हणजे अमेरिकन पद्धतीचा सिग्नल घेणारा हवा. पहिल्या मॉडेलचा आवाज टीव्हीतून नाही, डब्यातल्याच स्पीकरमधून येतो, तेव्हा टीव्ही गप्प बसला म्हणून घाबरू नका.

आणि विकायचं काय घेऊन बसलात, १९७६ चा आहे तो, अटारी २६०० या गाजलेल्या व्हिडिओ गेमच्याही आधीचा, गेमची कार्ट्रिज (आत खुपसायची गेमची डबी) बदलायची सोय घरगुती कन्सोलमध्ये पहिल्यांदा यातच आली, फेअरचाइल्डचे इंजिनिअर जेरी लॉसन यांच्या टीमने केलेली. हॉकी आणि टेनिस आतच असतात, कार्ट्रिज नसली तरी चालतंय. कंट्रोलर मात्र जपा, तो मुठीत धरायचा दांडा पिळताही येतो, दाबताही येतो, वर ओढताही येतो, पण पहिल्या मॉडेलला वायर आतूनच जोडलेली, तुटली तर डबा उघडावा लागणार. काकांना विचारा, पिवळी कार्ट्रिज कुठे ठेवलीत.