आराखड्यातले टीएमसी राहू देत, आधी मे महिन्यातली पंचगंगा बघा

ताई, तुम्ही विचारलंय की पंचगंगा खोऱ्याच्या पाणी आराखड्याचा नदीतल्या जिवांवर काय परिणाम होईल ते प्रोजेक्टसाठी तपासायचंय, आणि 'वर्षाला इतकं पाणी नदीत राहील' एवढं धरून चालेल का. नाही चालणार. आपल्याकडं हिशोबच वर्षाचा करायची सवय आहे, कृष्णेच्या पाणीवाटपाच्या 1976 च्या बच्छावत निवाड्यात महाराष्ट्राला 560 टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) मिळाले तेही वर्षाच्या हिशोबात. पण ऑगस्टमध्ये पूर येऊन गेला आणि मेमध्ये नदी तुंबून हिरवी झाली तरी वर्षाचा आकडा झकास दिसतो. म्हणून आकडे महिन्याचे मागा, जमलं तर दहा-दहा दिवसांचे, आणि प्रत्येक टप्प्याचे वेगळे. राधानगरी धरणातून आवर्तन, म्हणजे ठरल्या पाळीचं पाणी, सुटलं म्हणजे ते खाली शिरोळपर्यंत पोचलं असं नसतं, मधे उपसा पंप बसलेत, म्हणून तर उन्हाळ्यात उपसाबंदी लावावी लागते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आपले कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. पावसाळा संपला की बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घालतात, पुढचा पावसाळा तोंडावर आला की काढतात. मधल्या काळात नदी म्हणजे एकापाठोपाठ एक तळीच, वाहतं पाणी कमी, त्यात जयंती नाल्यासारखे सांडपाण्याचे नाले येऊन मिळतात, मग केंदाळ (जलपर्णी) माजतं, तळाला गाळ कुजत बसतो आणि पहिल्या जोरदार पावसात तो सगळा ढवळून निघाला की ऑक्सिजन खाली जाऊन मासे तरंगायला लागतात. आणि नेमक्या त्याच दिवसांत चढणीचे मासे अंडी घालायला वर ओढ्यांकडं निघतात! बरगे चार-आठ दिवस उशिरा निघाले तर त्यांची वाटच बंद. आराखड्यात बरगे कधी काढणार, सगळे एकदम की वरून खाली क्रमानं, हे लिहिलंय का बघा. माझ्या मते परिणामाचा निम्मा अभ्यास इथंच आहे, आणि एकेका बंधाऱ्याचा वेगळा अहवाल वाचून हे कधीच कळत नाही, सगळी साखळी एकत्र धरावी लागते.

ऑक्सिजन मोजाल तर उजाडायच्या आधी मोजा. दिवसा शेवाळ ऑक्सिजन सोडतं त्यामुळं दुपारचा नमुना छान येतो, रात्रभर मात्र सगळेच तो वापरतात आणि पहाटे तळ गाठतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषात मत्स्यजीवनासाठी लिटरला किमान 4 मिलिग्रॅम धरलेत. सोबत दगड उचलून खालचे किडे बघा, चतुराची पिल्लं दिसली तर बरं, नुसत्या लाल अळ्या असतील तर पाणी बिघडलंय समजून जा.

तुलना कशाशी करायची हा अवघड भाग. आजच्या नदीशी केली तर ती आधीच बिघडलेली, म्हणजे कुठलाही आराखडा 'परिणाम नाही' असाच पास होणार. वरच्या कासारी नदीशी करून चालत नाही, तिथं दगडगोटे, उतार, आणि खाली शिरोळकडं काळी माती नि संथ पात्र. त्यापेक्षा त्याच टप्प्यावरच्या जुन्या भोई लोकांकडं बसा, कुठले मासे कधीपासून जाळ्यात येईनात ते गावागावाप्रमाणं लिहून घ्या, माझा या माहितीवर फार विश्वास आहे.

ठिबकनं पाणी वाचेल हेही आराखड्यात असणारच. वाचलेलं पाणी नदीत राहणार की आणखी चार एकर उसाला जाणार? दुसरं झालं तर नदीला काहीच मिळालं नाही, उलट शेतातून झिरपून परत येणारं पाणीही कमी झालं. तसंच पुराचं पाणी 'वाया जातं' असं धरलेलं असेल तर तिथं थांबा. 2019, 2021 चा पूर बघितलेल्या माणसाला हे पटणं जड जातं हे मला मान्य आहे, पण मध्यम पूर केंदाळ वाहून नेतो, गाळ हलवतो, काठाच्या मळ्यांत माती आणतो. पुराचं पाणी वळवायचं असेल तर कुठल्या पातळीच्या वर वळवणार हे स्पष्ट पाहिजे.

शेवटचं मॉनिटरिंगचं प्रकरण नीट वाचा. ऑक्सिजन खाली आला की धरणातून पाणी सोडायचा निर्णय कोण, किती तासांत घेणार हे त्यात नसेल तर रिपोर्टात ठळक लिहा. बरग्यांचं वेळापत्रक हाताला लागलं तर पाठवा, बंधाऱ्यांच्या क्रमानं लावून बघू.