आधी हात कुठे जातो ते पाहा

तू लिहिलंस की कपाट भरून वाहतंय तरी रोज सकाळी रडायला येतं, नागपूरच्या मिहान आयटी पार्कमधल्या तुझ्या ऑफिसात सगळ्या मुली एकदम सेट दिसतात, एका कलीगचं पाहून शॉर्ट टॉप घेतले पण त्यात दिवसभर अवघडल्यासारखं झालं, दंड जाड आहेत म्हणून मन आणखीच खट्टू होतं, आणि २० तारखेला प्रेझेंटेशन आहे. आणि शेवटी विचारलंस, आपली स्टाइल कोणती हे कळतं कसं? अगं, मी एकवीस वर्षं बँकेत काउंटरवर बसून राहिली आहे, यातून मी पण गेली, म्हणून जरा लांबच लिहिते.

स्टाइल हा शब्द सध्या बाजूला ठेव. पंधरा दिवस एवढंच पाहा की दिवसभरात तुझा हात कपड्याकडे कुठे जातो. कोणी गळा वर ओढतं, कोणी खुर्चीवरून उठलं की मागून कुर्ता खाली ओढतं, कोणी पोटावर दुपट्टा पसरत बसतं, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. रात्री मोबाइलमध्ये दोनच शब्द टाकायचे, पिवळा-काख, निळा-गळा, असं. ज्या दिवशी हात कुठेच गेला नाही तो कपडा तुझा, मग तो फॅशनमध्ये असो की नसो.

माझ्याकडे एक जांभळा जॉर्जेटचा ड्रेस होता, सगळे म्हणायचे छान दिसतो, पण त्यात साहेबांसमोर उभी राहिली की मी फाइल छातीशी घट्ट धरून बोलायची. मला वाटायचं माझा स्वभावच भित्रा. दोन वर्षांनी महाल भागातल्या एका टेलरकाकांनी पाहिलं आणि सांगितलं, गळा खांद्याकडे मोठा आहे, वाकल्यावर पडतो. त्यांनी दोन्ही खांद्यांवर आतून बारीक चिमटा घेऊन दिला, दहा मिनिटांचं काम, आणि ती फाइल टेबलवर राहायला लागली. तेव्हापासून मी स्वभावाला नावं ठेवण्याआधी शिलाई पाहते.

आता दंडांचं, कारण तुला खरा त्रास तिथे आहे. रेडिमेड कुर्त्यांचा मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो काखेचा गोल, बहुतेक वेळा खाली असतो, सगळ्यांना बसावा म्हणून. मग हात वर केला की बाही दंडाला आवळते आणि अख्खा कुर्ता वर उचलला जातो, आणि आपल्याला वाटतं आपला दंडच जाड. मेट्रोत वरचा दांडा धरल्यासारखा हात वर करून पाहा, अख्खा कुर्ता वर सरकला तर समज मुंढा खाली आहे. आपण टेलरला "सैल कर" म्हणतो आणि तो मुंढाच आणखी खाली कापतो, झालं, आणखी बिघडतं. सांगायचं असं की मुंढा काखेजवळच ठेवा, बाही दंडावर दीड-दोन इंच सैल द्या आणि कोपराच्या थोडं वर संपवा. बाही दंडाच्या सगळ्यात जाड जागेवर संपली तर नजर तिथेच थांबते, म्हणून दंडाच्या मधोमध संपणारी आखूड बाही नको. खांदा मात्र घेतानाच बरोबर बसला पाहिजे, बाजू आत घेता येतात पण खांदा दुरुस्त करायचा म्हणजे बाही उसवावी लागते. आणि शिवायला टाकशील तर बाजूला आत एक इंच मार्जिन ठेवायला सांग, अंगाने थोडं कमीजास्त झालं तर कपडा वाया जात नाही.

कापडाचं काय, तर आपलं नागपूर आहे बाप्पा. नवतप्यात, मेअखेरच्या त्या नऊ दिवसांत, पारा ४५-४६ वर जातो आणि तुमच्या ऑफिसात एसीने हुडहुडी भरते. कॉटनचा धागा साध्या हवेतसुद्धा आपल्या वजनाच्या साधारण ८ टक्के ओलावा पोटात घेतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही घेत नाही, म्हणून पाठीवरचा घाम तिथेच चिकटून राहतो आणि माणूस आखडतो. रेयॉन पाणी पितं पण ओलं झालं की कमजोर पडतं आणि लोंबतं, रोजच्या धुण्यात टिकत नाही. मी कॉटनच घेते, आणि शिवायच्या आधी रात्रभर पाण्यात टाकते, कारण चार टक्के जरी आटलं तरी ४४ इंची कुर्ता पावणेदोन इंचांनी वर जातो, मग पुन्हा तेच, हात मागे. गाडीवर जात असशील तर सनकोट आणि स्कार्फ आलेच, पण फार घेराचा पलाझो आणि लांब ओढणी गाडीवर नकोच. ऑफिसात एक पातळ खादीचं जॅकेट खुर्चीवर कायम ठेव. वर्ध्याला गेलीस तर मगन संग्रहालयात पाहून ये, १९३८ पासूनची जागा आहे, तिथली खादी हातात घेतली की रेडिमेडमध्ये आपण काय घालून राहिलो ते समजतं.

रंगासाठी गांधीबागेच्या कापड बाजारात जा, पण दुकानातल्या लाइटवर विश्वास ठेवू नको. तागा घेऊन दाराशी, उजेडात ये, कापड हनुवटीखाली धर आणि कापडाकडे पाहूच नको, चेहऱ्याकडे पाहा. डोळ्यांखालचं काळं जास्त दिसायला लागलं तर तो रंग पायजम्याला ठेव, गळ्याजवळ नको. मी असं करत करत मोरपंखी, विटकरी आणि मळकट पांढऱ्यावर आली, आता कपाटातलं काहीही कशावरही जातं आणि सकाळचे पंधरा मिनिटं वाचतात.

त्या कलीगचं मात्र मनातून काढून टाक. तिला शॉर्ट टॉप शोभतो कारण तिचा हात त्यात कुठे जात नाही, एवढंच आहे ते. माझ्या मावशीची एक करवतकाठी साडी आहे, टसरची, भंडाऱ्याकडची, काठाला करवतीचे दात असतात तशी नक्षी. लग्नात नेसायची म्हणून वीस वर्षं पेटीत पडून होती. मी ती साध्या पांढऱ्या कॉटन ब्लाउजवर बँकेत नेसते, सुरुवातीला चार जणींनी विचारलं आज काय आहे म्हणून, आता कोणी विचारत नाही, माझीच ओळख झाली ती. तुझ्या आईकडे असं काही असेल तर काढ बाहेर.

२० तारखेसाठी नवीन काही घेऊ नकोच. तू लिहिलेल्यापैकी तो मोरपंखी कुर्ता, ज्याची फक्त काख आवळते, तो या शनिवारीच टेलरकडे ने, रोज जे आतून घालतेस तेच घालून जा, नाहीतर माप चुकतं. आणि घरी आणल्यावर दोन वेळा घालूनच बघ, म्हणजे ऑफिसला, दिवसभर. दुसरा तसाच शिवायचा असेल तर जुना कुर्ता उसवू देऊ नको, टेबलवर पसरवून माप घ्या म्हण.