आतला चेंडू काढू नका : पन्हळ साफ करायच्या घरगुती व्हॅक्यूमबद्दल

पन्हळ खालूनच साफ करायला तुम्ही घरी जुळवलेल्या व्हॅक्यूमबद्दल लिहिलेलं सगळं वाचत होतो आणि 'मशीन सारखं ओढायचं थांबतं, म्हणून आतला फ्लोटचा चेंडूच काढून टाकणार आहे' इथे अडकलो. हेच वाक्य मी एकदा घरी म्हटलं होतं, तेही मोठ्या रुबाबात. म्हणून बाकीचं नंतर, आधी एवढंच सांगतो, काढू नका. टाकी भरली की तरंगत वर येऊन ओढ बंद करणारा आणि पाणी मोटरकडे जाऊ न देणारा तोच.

तुमची जुळणी अशी: पीव्हीसीचा लांब दांडा (आतून पोकळ पाइप), वर पन्हळीत उतरणारा वळवलेला आकडा, खाली ओलं-सुकं दोन्ही ओढणारा व्हॅक्यूम. ओला पाला आकड्यात तुंबतो, मशीन हलवलं की ओढ बंद होते, आणि मोटर मोठी घ्यावी का हा तुमचा प्रश्न. पाइप कापणं-जोडणं तुम्हाला जमलेलंच दिसतंय, ते सोडतो.

टाकी अर्धी रिकामी असली तरी मशीन चाकांवर ओढलं की आतलं पाणी हिंदकळतं, चेंडू उसळतो आणि ओढीमुळे वरच्या भोकाला चिकटून बसतो. बटण बंद केल्याशिवाय खाली पडत नाही. म्हणजे दांडा भिंतीला टेकवा, बंद करा, 'टक्' आवाज ऐका, पुन्हा सुरू करा. चौथ्या खेपेला मी स्क्रू-ड्रायव्हर आणला आणि जाळीसकट चेंडू काढून खिशात घातला. पुढचा अर्धा तास काम इतकं सुरेख झालं की विचारू नका. मग हवा बाहेर पडायच्या तोंडातून काळं पाणी फवारलं, निम्मं भिंतीवर आणि निम्मं माझ्यावर.

गंमत म्हणजे मशीन तेव्हा बंद पडलं नाही. ओल्या कामाच्या मशीनमध्ये मोटर थंड ठेवणारी हवा वेगळ्या वाटेने येते, त्यामुळे पंख्यातून पाणी गेलं तरी मोटर लगेच जळतेच असं नाही. (घरातल्या साध्या, फक्त सुक्या व्हॅक्यूममध्ये बहुधा ओढलेलीच हवा मोटरवरून जाते. तो या कामाला चुकूनही लावू नका.) मी वरवर पुसून ठेवून दिलं. महिन्याभराने चालू केलं तर बेअरिंग करवतीसारखं ओरडायला लागलं.

मग सर्व्हिस सेंटर. कुणाचं ते सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. पहिल्या खेपेला 'फॉर्म भरा', दुसऱ्या खेपेला 'हा फॉर्म जुना, नवा भरा', तिसऱ्या खेपेला 'पाणी गेलंय, वॉरंटी नाही'. हे मान्य, चूक माझीच होती. पण मी पैसे देऊन नुसतं बेअरिंग मागितलं तर म्हणे सुटं मिळत नाही, अख्खं डोकं, म्हणजे मोटरसकट वरचा भाग, बदलावं लागेल. ते डोकं जवळपास नव्या मशीनच्या किमतीला! शेवटी मोटर वाइंडिंग करणाऱ्या एका कारागिराने बेअरिंगच्या कडेवरचा नंबर वाचला, तसलंच दुसरं बसवलं आणि माझा चहा होईपर्यंत मशीन परत दिलं. तेव्हापासून काहीही बिघडलं की मी आधी बेअरिंगवरचा नंबर बघतो. असो.

चेंडू उसळतो कारण टाकीत पाणी साचतंय. तेव्हा ते तिथवर येऊच देऊ नका. मशीनच्या आधी एक ड्रम ठेवा. दांड्याकडून येणारा पाइप त्याच्या झाकणातून आत घेऊन भिंतीच्या कडेने वळवा, आणि मशीनकडे जाणारा पाइप झाकणाच्या मध्यातून काढा. पाला-चिखल-पाणी गरगरत खाली बसतं, मशीनकडे बहुतेक नुसती हवा जाते. ड्रम मात्र जाड भिंतीचाच हवा. पाइप तुंबला की आत निर्वात वाढतो. २० किलोपास्कल (ओढीचं, म्हणजे दाबातल्या फरकाचं माप) ओढीला ३० सेंमी व्यासाच्या झाकणावर साधारण १४० किलोचा भार येतो. पातळ बादली डोळ्यादेखत चेपली जाते. आणि ड्रम निम्मा भरला की रिकामा करा, लोभ नको. ४० लिटर पाणी म्हणजे ४० किलो, ते उचलताना कंबर आठवते.

आता मोटर. माझ्या मते मोठी नको. (मी इंजिनिअर नाही, माझं घर, माझी पन्हळ, एवढाच अनुभव.) उंचीचा धाक सगळ्यांना वाटतो, पण तुमचा पाला वर चढायचा नसून खाली यायचा आहे. उचलायचं ते फक्त पन्हळीच्या तळापासून आकड्याच्या माथ्यापर्यंत, वीत-दोन वीत. पुढे वजनच मदत करतं. २० किलोपास्कल ओढणारं मशीन पाण्याचा दोन मीटर स्तंभ धरू शकतं, तेव्हा ताकद भरपूर आहे. वाट अरुंद आहे. आकडा जितका ठेंगणा तितका बरा.

तुम्ही वर ९० अंशांचे दोन एल्बो लावलेत ना? तिथेच तुंबतंय. ४५ अंशांचे चार लावून सावकाश वळण द्या. आणि सगळ्यात अरुंद जागा अगदी तोंडाशी ठेवा, पुढे कुठेही रिड्यूसर (पाइप बारीक करणारा जोड) नको. अडकायचंच असेल तर ते तोंडाशी अडकावं, म्हणजे दिसतं आणि काठीने निघतं. ५० मिमी पाइपची वाट ३८ मिमीच्या पावणेदोन पट होते, हा फरक ओल्या पाल्याला फार मोठा. तोंड तिरकं कापा, नाहीतर ते पन्हळीच्या तळाला चिकटून हवाच बंद करतं. वरच्या वळणाचे सांधे सॉल्व्हंटने (पीव्हीसीच्या गोंदाने) चिकटवू नका, नुसते दाबून बसवा आणि बाहेरून टेप गुंडाळा. मी चिकटवले होते, मग करवत लागली.

खालून तुंबलेलं कळतं कसं? आवाजावरून. हवा अडली की मोटरवरचा भार कमी होतो, तिचे फेरे वाढतात आणि आवाज बारीक, चिरका होतो. कान तयार झाला की वर बघावंही लागत नाही.

पाला दमट असताना काम करा. पार सुका असेल तर धूळ उडते आणि प्लास्टिक पाइपमध्ये स्थिर वीज साचून हाताला चटके बसतात. रोपं उगवून मुळं धरली असतील तर आधी खरवडा, व्हॅक्यूम मुळं उपटत नाही. काम झाल्यावर मशीन दहा मिनिटं नुसतं चालू ठेवा, आत ओल राहायला नको. मी हे तेव्हा केलं असतं तर बेअरिंग कदाचित वाचलंही असतं.

जवळून विजेची तार जात असेल तर हा दांडा उभाच करू नका, ओलं पीव्हीसीसुद्धा भरवशाचं नाही, ॲल्युमिनियम तर नाहीच नाही. मशीन ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवरच (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) लावा.

वरच्या वळणाचा जवळून काढलेला एक फोटो दाखवा आणि पाइपचा आतला व्यास मोजून सांगा. कारण बाजारात 'पन्नासचा' म्हणून मिळणाऱ्या पाइपचे ५० मिमी बहुधा बाहेरून मोजलेले असतात.